थंडीची चाहूल रात्री लागते : शरदातल्या हवेची वही कशी ठेवावी

हिवाळा लागला की नाही, हे बहुतेक जण दुपारी अंगाला काय जाणवतं त्यावरून ठरवतात आणि म्हणून दरवेळी दोन-तीन आठवडे उशिरा ठरवतात. शरदातली दुपार मोठी फसवी असते. आकाश धुतल्यासारखं निवळलेलं, ऊन चटका देणारं, आणि सकाळी घातलेला स्वेटर अकरा वाजता नकोसा. खरा बदल तोवर कधीच सुरू झालेला असतो, पण रात्री, आणि तोही आपल्या डोक्याच्या उंचीवर नाही तर गवताच्या पात्यावर. तेव्हा वही ठेवायचीच असेल तर ती रात्रीची ठेवा. दुपारचा पारा लिहिला नाही तरी चालेल. पहाटेचा चुकवू नका.

सामान थोडंच लागतं. एक कमाल-किमान तापमापक, एक साधा अल्कोहोलचा किमान तापमापक, एक आर्द्रतामापक आणि रेघा मारलेली वही. वायुदाबमापक असेल तर फार उपयोगी, नसेल तर बऱ्याच मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असतो, तोही चालतो. सुरुवात संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र जवळजवळ सारखे असतात त्या दिवसाच्या, दोन आठवडे आधी करावी. उत्तर गोलार्धात शरदातला संपात २२ किंवा २३ सप्टेंबरला येतो, दक्षिण गोलार्धात २० किंवा २१ मार्चला.

आधी दिवस मोजा

संपाताच्या आसपास दिवस सगळ्यात झपाट्याने लहान होतो. रोज किती, ते अक्षांशावर ठरतं. ३.२ या आकड्याला अक्षांशाच्या टॅनने गुणा, म्हणजे रोज किती मिनिटं कमी होतात ते मिळतं. २०° अक्षांशावर जेमतेम सव्वा मिनिट, ४०° वर पावणेतीन, ६०° वर साडेपाच. साडेपाच मिनिटं म्हणजे आठवड्यात पाऊण तासाचं नुकसान नाही, पण पाऊण तासाला फार कमीही नाही. हा हिशेब फक्त संपाताच्या आगेमागे लागू पडतो. पुढे वेग मंदावत जातो आणि सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास जवळजवळ थांबतो.

संपाताच्या दिवशी दिवस-रात्र अगदी समान असतात असं शाळेत शिकवतात, पण घड्याळ लावून पाहिलं तर दिवस काही मिनिटांनी मोठाच भरतो. वातावरणातून प्रकाश वाकतो, त्यामुळे क्षितिजाजवळचा सूर्य सुमारे ३४ कला (६० कला म्हणजे एक अंश) वर उचललेला दिसतो. शिवाय सूर्योदय बिंबाच्या वरच्या कडेवरून मोजतात, मध्यावरून नाही. म्हणून बरोबर बारा तासांचा दिवस शरदात संपातानंतर काही दिवसांनी येतो. वहीत दोन्ही तारखा लिहून ठेवा.

सूर्य किती उतरला हे पाहायला एक मीटरची काठी पुरते. सपाट जमिनीवर ओळंब्यात उभी करा आणि माध्यान्हीला सावली मोजा. माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हे, सावली सर्वांत आखूड असते तो क्षण. त्यासाठी अर्धा तास दर पाच मिनिटांनी खूण करावी लागते. ४०° अक्षांशावर संपाताला ही सावली ८४ सेंटीमीटर भरते आणि एक महिन्याने १२५ च्या पुढे जाते. जमिनीला मिळणारी ऊब का आटली, हे त्या चाळीस सेंटीमीटरमध्ये दिसतं: किरण तिरपे पडतात, तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरतं आणि वर ते पडण्याचे तासही घटलेले असतात.

तापमापक : दोन, आणि दोन उंचीवर

नवा असो की जुना, आधी तपासा. ग्लासभर बारीक ठेचलेला बर्फ घ्या, बर्फाच्या फटी भरतील इतकंच पाणी घाला, तापमापकाचा फुगा मधोमध ठेवा आणि हलवत पाच मिनिटं थांबा. शून्य दिसायला हवं. ०.७ दाखवत असेल तर वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहा आणि प्रत्येक नोंदीतून ०.७ वजा करा. बर्फ कमी आणि पाणी जास्त झालं तर तळाचं पाणी शून्याच्या वर राहतं. या चाचणीत बहुतेकांचं तिथेच चुकतं. इलेक्ट्रॉनिक सेन्सर पाण्यात चालत नसेल तर घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, थोडा जास्त वेळ ठेवून तपासा.

पहिला तापमापक आडोशात, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर. आडोसा म्हणजे पांढरी, झडपांची पेटी. ती नसेल तर कुंडीखालच्या सहा-सात पांढऱ्या प्लॅस्टिक बशा उपड्या करून, मधल्यांना भोकं पाडून, दीड-दोन सेंटीमीटरच्या फटी ठेवत एकावर एक बसवा आणि सेन्सर मध्ये टांगा. वारा आरपार जायला हवा, ऊन आणि आकाश मात्र दिसता कामा नये. उन्हाचं सगळ्यांना पटतं, आकाशाचं पटत नाही. निरभ्र रात्री उघडा तापमापक स्वतःच आकाशाकडे उष्णता फेकतो आणि हवेपेक्षा थंड होतो, मग तुम्ही हवेचं नाही, त्या काचेचं तापमान लिहीत बसता.

भिंतीला टांगू नका. विटांची, दगडाची किंवा काँक्रीटची भिंत दिवसभराची ऊब रात्रभर सोडत राहते आणि किमान तापमान दोन-तीन अंशांनी सहज फुगवते. बाल्कनीतल्या नोंदींवरून ‘यंदा थंडीच नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुधा हेच झालेलं असतं. मोकळी जागा नसेल तर बाल्कनीतच ठेवा, पण जागा बदलू नका; आकडा खरा नसला तरी या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना खरी राहते.

काचेचा यू आकाराचा कमाल-किमान तापमापक असेल तर वाचताना नळीतल्या छोट्या दर्शक काडीचं खालचं टोक पाहा, म्हणजे पाऱ्याला टेकतं ते. किमान बाजूची मापपट्टी उलटी असते, खाली जास्त आणि वर कमी, आणि शून्याच्या आसपास घाईत वाचलं की चिन्ह चुकतं. नोंद सकाळी घ्या, पण काड्या पाऱ्यावर परत आणायच्या त्या दहाच्या सुमारास, हवा तापल्यावर. सात वाजता, गारठा असतानाच त्या खाली आणल्या तर तेच सात वाजताचं तापमान दुसऱ्या दिवशीच्या खात्यात किमान म्हणून पडतं. पुढची रात्र ढगाळ आणि उबदार गेली तरी वहीत ती थंडच दिसते. एका गार पहाटेच्या अशा दोन पहाटा होतात, आणि महिन्याची सरासरी खाली ओढली जाते.

दुसरा तापमापक जमिनीलगत. गवत आखूड कापा, दोन छोट्या बेचक्यांवर अल्कोहोलचा किमान तापमापक आडवा ठेवा, फुगा गवताच्या टोकांना जेमतेम टेकेल असा आणि दांड्यापेक्षा किंचित खाली. सूर्य मावळायच्या आधी बाहेर, सकाळी वाचून लगेच आत. फुगा वर करून तिरपा धरला की आतली काडी घसरत अल्कोहोलच्या कडेला येते. मग आडवा ठेवायचा. वाचताना काडीचं फुग्यापासून लांबचं टोक बघायचं. दिवसभर उन्हात राहिला तर थोडं अल्कोहोल उडून नळीच्या वरच्या टोकाला जमतं, मुख्य धागा तेवढा आखूड होतो आणि प्रत्येक रात्र खरी होती त्याहून थंड दिसू लागते. वरच्या टोकाला थेंब दिसला तर फुगा खाली करून धरा आणि हलके झटके देत थेंब उतरवा. तो धाग्याला मिळाला की पुन्हा बर्फाची चाचणी घ्या.

या दोन आकड्यांमधला फरक वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. सगळ्या वहीत मोलाचा रकाना तोच. ढगाळ, वाऱ्याच्या रात्री फरक शून्य ते एक अंश. निरभ्र, निवांत रात्री चार-पाच अंश, कधी त्याहून जास्त. म्हणजे डोक्याच्या उंचीवर ४ अंश असताना गवत शून्याखाली गेलेलं असू शकतं. अंदाजात ‘किमान ४’ ऐकून निर्धास्त झोपलेल्याला सकाळी पांढरं अंगण दिसतं ते यामुळे, आणि अंदाज चुकलेला नसतो.

दव काय सांगतं

आर्द्रतामापक मिठाने तपासता येतो. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात एका झाकणीत दोन चमचे मीठ, त्यावर ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी, शेजारी मापक, आणि रात्रभर घरात तसंच. डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीठ विरघळून नुसतं पाणी उरलं तर चाचणी बाद.

संध्याकाळी सूर्य मावळताना तापमान आणि आर्द्रता लिहा. शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचाने भागा, आलेला आकडा तापमानातून वजा करा. तापमान १४ आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर चाळीस भागिले पाच म्हणजे आठ, चौदातून आठ गेले सहा. हा दवबिंदू, म्हणजे या हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागेल ते तापमान. आर्द्रता पन्नासच्या वर असेपर्यंत ही युक्ती ठीक चालते, त्याखाली नाही.

दवबिंदूचा उपयोग असा: निरभ्र रात्री तापमान आधी भराभर उतरतं, दवबिंदूला टेकलं की वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि उतार मंदावतो. म्हणून ओलसर हवेत संध्याकाळचा दवबिंदू हा पहाटेच्या किमान तापमानाचा ढोबळ तळ धरता येतो. हवा कोरडी असेल आणि दवबिंदूच शून्याखाली असेल तर हा तळ उरत नाही. अशा रात्री पांढरं काहीच दिसत नाही, कारण साठायला वाफच नसते. पण कोवळे शेंडे सकाळी काळपट, उकडल्यासारखे पडलेले असतात. पांढरी नक्षी दिसली नाही म्हणजे काही गोठलं नाही, असं समजू नका.

सकाळी गवताकडे वाकून पाहा, जमलं तर भिंग घेऊन. पात्याच्या टोकाला एकच टपोरा थेंब असेल तर ते दव नाही. मुळांनी रात्रभर ओढलेलं पाणी पात्याने कडेवाटे बाहेर सोडलेलं असतं. दव पात्याच्या सगळ्या अंगावर बारीक धुळीसारखं, राखाडी दिसतं आणि बोट फिरवलं की हिरवी रेघ उमटते. कडक, पारदर्शक मणी असतील तर आधी पडलेलं दव नंतर गोठलं. पांढऱ्या सुया, पिसांसारख्या कडा असतील तर तो हिमतुषार: वाफ पाणी न होता थेट बर्फ झाली. तीनही गोष्टी ‘दव’ या एकाच शब्दाखाली लिहिल्या तर वहीचा अर्धा उपयोग जातो. एखादी नोंद अशी दिसेल:

१४ ऑक्टो. | आडोशात ४.२ | गवतावर −०.६ | फरक ४.८ | संध्या. दवबिंदू ३ | आकाश स्वच्छ, वारा नाही | हिमतुषार, फक्त सखल कोपऱ्यात

‘फक्त सखल कोपऱ्यात’ हे शब्द महत्त्वाचे. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खळग्यात साचते. उताराच्या खालच्या बाजूला भिंत किंवा दाट कुंपण असेल तर त्याला अडून तिचं तळं होतं. पहिला हिमतुषार नेमका तिथे दिसतो, आणि नाजूक रोप लावायला तीच जागा सर्वांत वाईट.

आज रात्री गोठेल का

आकाश पाहा. ढग रात्री पांघरुणाचं काम करतात, त्यातही खालचे ढग जाड पांघरुणाचं. पातळ, उंच ढगांचा फारसा उपयोग नाही. मध्यरात्रीनंतर खालचे ढग आले तर तापमान उतरायचं सोडून दोन-चार अंश चढतंही, म्हणून झोपताना पाहिलेलं आकाश पुरावा म्हणून धरू नका.

मग वारा. धुराची रेघ सरळ वर गेली तर हवा निश्चल. एका बाजूला झुकली पण चेहऱ्याला काही जाणवलं नाही तर सेकंदाला दीड मीटरच्या आत. पानं सळसळली आणि गालाला झुळूक लागली तर दीड ते सव्वातीन मीटर. पानं रात्रभर सळसळत राहिली तर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते आणि गवत गोठण्याची शक्यता बरीच कमी होते.

आणि दाब. तीन तासांत साडेतीन हेक्टोपास्कलहून (हे हवेच्या दाबाचं एकक) जास्त घसरला तर झपाट्याने, सहाच्या वर घसरला तर फारच झपाट्याने असं समजायचं. मागे वारा-पाऊस येतोच. मापक खालच्या मजल्यावरून वर नेऊ नका, कारण दर आठ मीटर चढाला दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने कमी दिसतो आणि नसलेलं वादळ वहीत येतं. खरी गंमत घसरणीनंतर असते. पाऊस झडून जातो, वारा दिशा बदलतो, दाब चढू लागतो, हवा एकदम कोरडी आणि लख्ख होते. त्या पहिल्या रात्री गारठा अंगाला झोंबतो, पण वारा असल्याने गवत सहसा वाचतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री दाब वर स्थिरावतो, वारा पडतो, आणि पहिला हिमतुषार येतो तो तेव्हा. लोक पहिल्या रात्री सगळं झाकतात आणि दुसऱ्या रात्री ‘काल काही झालं नाही’ म्हणून उघडं ठेवतात. जातात ती झाडं दुसऱ्या रात्री.

झाकायचं तर सूर्य मावळायच्या आधी. झाकणाने ऊब तयार होत नाही, जमिनीतून वर येणारी ऊब अडते. रात्री अकराला झाकलं तर अडवण्यासारखं फार उरलेलं नसतं. कापड चारही बाजूंनी जमिनीपर्यंत आणा आणि कडांवर दगड ठेवा. फुग्याच्या दोऱ्यासारखं बुंध्याशी बांधलं तर जमिनीची ऊब बाहेरच राहते. प्लॅस्टिक वापरलं तर ते पानांना टेकू देऊ नका, टेकेल तिथलं पान गोठतं. माती कोरडी असेल तर दुपारी पाणी द्या. ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री ती वर पोचवतेही. सकाळी ऊन आलं की झाकण काढा. एवढं करून दोन-तीन अंशांचा फरक पडतो, उणे पाचमध्ये त्याने काही वाचत नाही.

उष्ण प्रदेशातली कुंडीतली झाडं शून्याची वाट पाहत नाहीत. आडोशातलं किमान सलग तीन-चार रात्री १० अंशांच्या आसपास आलं की ती आत घ्या. बाहेरचे रबरी पाइप आणि नळ्या रिकाम्या करा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि तडा बहुधा वळणावर जातो.

धुकं आणि पानं

धुकं शरदात मुख्यतः दोन तऱ्हांचं. ओली जमीन, निरभ्र आकाश आणि अगदी मंद हवा असली की पहाटे जमिनीलगत साचतं; सूर्योदयानंतर थोडा वेळ ते उलट दाटतं, मग विरतं. दुसरं तळ्यावरचं: पाणी अजून उबदार, वरची हवा गार, म्हणून पृष्ठभागावरून वाफा निघताना दिसतात. त्या वाफा दिसायला लागल्या की हवा पाण्याच्या पुढे निघून गेली आहे असं समजा. एक किलोमीटरच्या आतलं दिसेनासं झालं तरच वहीत धुकं लिहा, नाहीतर धूसर.

पानांसाठी एकच झाड निवडा, रस्त्यावरच्या दिव्यापासून लांबचं. दिव्याजवळच्या फांद्यांना रात्र आखूड वाटते आणि पानं जास्त दिवस टिकतात. तीन तारखा पुरेत: दहातलं एक पान रंगलं तो दिवस, निम्मी रंगली तो, आणि निम्मी गळली तो. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की उघडा पडतो. लाल मात्र तेव्हाच तयार होतो, आणि दिवसा भरपूर ऊन व रात्री शून्याच्या वरचा गारवा असला तर अधिक गडद होतो. गळणं देठाच्या बुडाशी तयार होणाऱ्या थरामुळे होतं. पण वादळाने एका रात्रीत झाड ओकंबोकं केलं तर तारखेपुढे ‘वाऱ्याने’ असं लिहा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या तुलनेत घोळ होईल.

हिवाळ्याची तारीख कशी धरायची

पंचांगातला किंवा महिन्यांचा हिवाळा सोयीचा असतो, पण हवेला तो माहीत नसतो. स्वीडनच्या हवामान खात्याची पद्धत जास्त प्रामाणिक आहे: दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस १० अंशांच्या खाली राहिलं की शरद, आणि सलग पाच दिवस शून्यावर किंवा त्याखाली राहिलं की हिवाळा. तारीख धरायची ती त्या पाचांतल्या पहिल्या दिवसाची. घरच्या वहीसाठी कमाल आणि किमान यांची बेरीज भागिले दोन, ही सरासरी पुरेशी आहे. त्यासाठी हिवाळा जवळ आला की कमालही लिहायला लागा. शून्य कधीच येत नाही अशा जागी आपला वेगळा उंबरठा ठरवा, पण एकदा ठरवला की दरवर्षी तोच ठेवा.

सर्वांत लहान दिवस आला म्हणजे थंडीचा कळस झाला, असं मात्र नाही. जमीन आणि समुद्र मिळते त्यापेक्षा जास्त उष्णता गमावत राहतात, म्हणून जमिनीवर सर्वांत थंड आठवडे बहुधा त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी येतात, आणि समुद्राकाठी आणखी उशिरा. तोवर दोन्ही तापमापक आपापल्या जागी राहू द्या. पाचांपैकी चौथ्या दिवशी सरासरी उंबरठ्याच्या अर्धा अंश वर गेली, तर मोजणी पुन्हा एकपासून.